भिंत सामाईक, छप्पर कोणाचं?

पणजीतली फोंताइन्हास ही जुनी वस्ती वाचवायची असेल तर पाच वर्षं रंगाचा डबा बंद ठेवा, असं मी मे महिन्यात एका बैठकीत म्हणालो. समोरच्या साहेबांनी हसून माइक पुढच्या माणसाकडे सरकवला. बैठक वारसा जतनावर होती. दीड तासात चाळीसेक मिनिटं भिंतींच्या रंगावर गेली, वीस मिनिटं दिव्यांच्या खांबांवर, आणि उरलेला वेळ पर्यटकांच्या गाड्या कुठे लावायच्या यात संपला. जून तीन आठवड्यांवर येऊन ठेपला होता, तरी कौलांचा विषय कोणी काढला नाही.

मी मळ्यात राहतो. मळा, फोंताइन्हास, सांव तोमे ही पणजीच्या पूर्व टोकाची, आल्तिन्योच्या डोंगराला पाठ टेकून ओरेंच्या खाडीकडे तोंड करून बसलेली वस्ती. आजोबा पेडण्याहून कारकुनी करायला पणजीत आले आणि इथल्या एका रांगेतल्या घराच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या. वडिलांनी पुढे ते अख्खं घर विकत घेतलं. घरात मराठी, रस्त्यावर कोंकणी आणि डाव्या भिंतीपलीकडून संध्याकाळी ऐकू येणारी शेजारच्या आंटीची पोर्तुगीज प्रार्थना, अशा तीन भाषांत मी वाढलो. ती डावी भिंत तेवढी लक्षात असू द्या. पुढचं सगळं तिच्याबद्दलच आहे.

गोव्यातलं जुनं घर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर खेड्यातलं भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं घर येतं. चहूबाजूंनी माडाची बाग, पुढे बसायचं बाल्कांव म्हणजे ओटा, पायऱ्या, मध्ये राजांगण म्हणजे उघडा चौक. ते घर एकटं उभं असतं आणि एकट्याने पडू शकतं. फोंताइन्हासमधलं घर तसं नाही. ते रस्त्याच्या कडेलाच उभं आहे, दार उघडलं की पाय सरळ रस्त्यावर. दर्शनी बाजू अरुंद, एक दार आणि दोन-तीन खिडक्यांएवढी. आत मात्र ते खोल खोल जातं. पुढे बसायची सालं, तिच्यामागे एकातून एक निघणाऱ्या खोल्या, मग स्वयंपाकघर, आणि शेवटी हातभर परसात विहीर. दोन्ही अंगांना खिडकी नाही, कारण दोन्ही अंगांना शेजाऱ्याचं घर चिकटलेलं. आमच्या घराची डावी भिंत जवळजवळ दोन फूट जाडीची आहे, चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. तिच्यात आमच्या तुळया या बाजूने रुतल्या आहेत आणि आंटीच्या त्या बाजूने. दोन कुटुंबांची छपरं एका भिंतीच्या खांद्यावर.

ही रांग कशी झाली, हे थोडक्यात सांगायला हवं. पणजीला रायबंदरशी जोडणारा लांबच लांब सेतू १६३३-३४ मध्ये झाला तेव्हा पणजी म्हणजे दलदल, माड आणि आदिलशहाचा वाडा. १७५९ साली व्हाइसरॉय त्या वाड्यात राहायला आले. त्याच शतकाच्या अखेरीस मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या आंतोनियो जुआंव द सिकेरा या गोंयकाराची या भागात मोठी माडाची बाग होती. लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत. पेडणेकर, मडकईकर म्हणावं तितक्या सहजपणे आपल्या लोकांनी मोझांबिकलाही 'कार' लावून टाकला होता, हे मला फार आवडतं. पुढे १८२६ ते १८३५ या काळात दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रु या व्हाइसरॉयच्या हाताखाली दलदली बुजल्या, रस्ते आखले गेले. १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. राजधानीला कारकून लागतात, नोटरी, छापखान्यातली माणसं, शिंपी, सोनार लागतात. या सगळ्यांना कचेरीजवळ आणि झऱ्याजवळ घर हवं होतं. फोंताइन्हास या शब्दाचा अर्थच छोटे झरे. डोंगराच्या पायथ्याशी फेनिक्सचा झरा अजून आहे. जागा कमी, माणसं जास्त, म्हणून घरं खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

तर ही साध्या कामकाजी माणसांची वस्ती. राजवाडे तिच्यात नाहीत. इथलं एकेकटं घर फोटोत काढून दाखवलं तर वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात थक्क होण्यासारखं काही सापडणार नाही. ओतीव लोखंडाचा कठडा असलेला सज्जा, खिडकीच्या झडपांना काचेऐवजी बसवलेले पातळ शिंपल्यांचे तुकडे, कुठे वळचणीवर मातीचा कोंबडा. यातलं प्रत्येक गोव्यात दुसरीकडेही आहे. दुसरीकडे नाही ती रांग. एकसारख्या उंचीची वळचण, वळणावळणाने रस्त्याबरोबर वळणाऱ्या भिंती, आणि एका घराच्या आधाराने दुसरं उभं असण्याची पद्धत. जपायचं झालं तर हे जपायला हवं. आपण जपतो मात्र दर्शनी भाग. नियमावलीत जतन क्षेत्र आहे, समिती आहे, परवानग्या आहेत, पण व्यवहारात त्याचा अर्थ 'पुढची भिंत जुनी दिसली पाहिजे' एवढाच उरतो. पुढची भिंत ही या घराची सगळ्यात लहान भिंत आहे, हे कोणी मोजून पाहिलेलं दिसत नाही.

आता रंग. पांढरा रंग चर्चसाठी राखीव, घराला दुसरा कुठलाही, आणि पावसाळ्यानंतर दरवर्षी घर रंगवायचंच, असा पोर्तुगीज काळात दंडक होता, असं सगळेच सांगतात. वाटाड्यांच्या तोंडी तर हे वाक्य रोज दहा वेळा असतं. दंडक कागदावर कसा होता हा इतिहासकारांचा प्रश्न. दरवर्षी रंगवण्यामागचं कारण मात्र मला माझ्या भिंतीने शिकवलं. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेवर कडक होतो, पण असतो कायम सच्छिद्र. पाणी पितो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा, आणि गिलाव्यावर चुन्याचाच हात, त्यात पिवडी, काव किंवा नीळ कालवलेली. हा हात पावसात थोडा थोडा धुऊन जातो. जायलाच हवा, भिंतीऐवजी झिजण्यासाठीच तो असतो. चुना पाणी आत घेतो आणि ऊन पडलं की बाहेर सोडतो. भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. ज्या रंगाचं आज पोस्टकार्ड झालं आहे, तो मुळात भिंतीचा पावसाळी अंगरखा होता. दरवर्षी फाटायचा, दरवर्षी नवा यायचा.

ही अक्कल मला पैसे घालवून आली. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने सांगितलं, चुना कोण लावतो आता, सिमेंटचा गिलावा करा, वर चांगला प्लास्टिक रंग मारा, दहा वर्षं बघायला नको. मी ऐकलं. पहिला पाऊस ठीक गेला. दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस पुढच्या भिंतीला जोत्यापासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत फुगवटे आले. बोटाने दाबलं की पोकळ वाजायचं. ऑक्टोबरात एक पोपडा हातभर निघाला आणि मागे चिरा ओल्या बिस्किटासारखा भुरभुरत होता. जमिनीतली ओल वर चढत होती आणि सिमेंटने तिची बाहेर पडायची वाट बंद केली होती. रस्त्यावरून मात्र घर झकास दिसत होतं. त्याच महिन्यात एका मासिकाने त्याचा फोटो छापला.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्या पावसाशी इथलं घर लढतं ते छपरावर. पूर्वी अर्धगोल नळे असत. १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनचा कारखाना निघाल्यावर चपटी कौलं आली आणि हळूहळू तीच सगळीकडे झाली. कौल बदललं तरी वार्षिक काम तेच राहिलं. मे महिन्यात शाकारणी. माणूस वर चढतो, फुटकी कौलं काढतो, सरकलेली बसवतो, रिपा तपासतो, दोन घरांच्या मधल्या पन्हळीतला पालापाचोळा उपसतो. आंटी मे महिना लागला की दारातून ओरडायची, "पुता, पाखें पळयलें मरे?" म्हणजे, बाळा, छप्पर पाहिलंस ना? तिच्या छपरावरचा माणूस आमच्याही छपरावरून दोन पावलं चालायचा आणि आमचा तिच्या. पैसे अर्धे-अर्धे. कागद नव्हता, करार नव्हता. मधली पन्हळ तुंबली तर पाणी दोघांच्या भिंतीत उतरणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आंटी गेली त्याला नऊ वर्षं झाली. घर तेव्हापासून बंद आहे.

वारस चार. एक लिस्बनला, एक टोरांटोला, एक वांद्र्याला आणि एक इथेच ताळगावला. यांतला कोणी वाईट नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून मुलगा-मुलगी असा भेद न करता वारसांना वाटा मिळत आला आहे. आईबापांना मुलांचा राखीव अर्धा हिस्सा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यानेही हीच चौकट ठेवली. मला या कायद्याचा अभिमान आहे. शेजारच्या महाराष्ट्रातल्या माझ्या मावस बहिणींना जे कोर्टात भांडून मिळालं, ते इथे जन्माने मिळतं. पण पंधरा फूट रुंदीचं घर चार वाट्यांत कापता येत नाही. कापायचं नाही तर इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांतल्या वाटणीचा दावा लावायचा, सगळ्यांच्या सह्या, मुखत्यारपत्रं, वकिलाती, आणि एका वारसाचा वारस गेला की पुन्हा पहिल्यापासून. १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट खुली असल्याने दर पिढीत काही जण युरोपात जातात. दरवर्षी वाटा घेणारे वाढतात आणि छपरावर माणूस चढवणारा एकही उरत नाही.

बंद पडल्यापासूनच्या चौथ्या पावसाळ्यात आंटीच्या घराची मधली तुळई बसली. कौलं आत कोसळली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या डाव्या भिंतीवर, वडिलांच्या फोटोच्या वर, तळहाताएवढा काळपट डाग उमटला. गणपतीपर्यंत तो परातीएवढा झाला. आमच्या बाजूने भिंत कोरडी ठेवण्याचा कुठलाही उपाय नव्हता, कारण पाणी आमच्या बाजूने येतच नव्हतं. ज्या कार्यालयात मी अर्ज घेऊन गेलो तिथे उत्तर मिळालं, खासगी मालमत्ता आहे, मालकांशी बोला. मालकांशी म्हणजे तीन खंडांतल्या चार माणसांशी. आणखी एक वाट सुचवण्यात आली. इमारत धोकादायक म्हणून तक्रार द्या, मग ती पाडायची नोटीस काढता येईल. म्हणजे माझी भिंत वाचवण्यासाठी मी शेजाऱ्याचं घर पाडायला सांगायचं, आणि ते पडलं की माझी भिंत, जी तिचीही आहे, ती तीन हजार मिलिमीटरमध्ये उघडी!

माझं म्हणणं सगळं या एका डागातून निघालं आहे. रांगेतल्या घराला स्वतंत्र बंगल्याचा कायदा लावून चालत नाही. इथे एका मालकाची निष्क्रियता दुसऱ्याच्या भिंतीत मुरते. म्हणून जतन क्षेत्रात एक साधी तरतूद हवी. रांगेतलं घर दोन पावसाळे शाकारणीविना राहिलं तर महापालिकेने नोटीस द्यावी; तरीही काही झालं नाही तर पालिकेने स्वतः छप्पर दुरुस्त करून घ्यावं आणि खर्च घरावर बोजा म्हणून चढवावा. विक्रीच्या किंवा वाटणीच्या वेळी तो वसूल होईल. मालकी कोणाची हिरावली जात नाही, वाटा कोणाचा कमी होत नाही, वारस पुढची वीस वर्षं खुशाल भांडोत. फक्त मधल्या काळात घर कोरडं राहील. दिव्यांच्या खांबांवर आणि फरसबंदीवर जो पैसा जातो, त्यातल्या थोड्याशा भागात दरवर्षी कितीतरी पडकी छपरं शाकारून होतील. २०१६ मध्ये पणजी स्मार्ट सिटीच्या यादीत आली तेव्हापासून आमचे रस्ते किती वेळा खणले आणि बुजवले गेले, हे पणजीकराला वेगळं सांगायला नको. एवढ्या खणण्यात कौलाची एक रीप बदलली गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

यावर पहिला आक्षेप मला रस्त्यावरच ऐकवला जातो: 'अरे, विकून टाकू दे ना त्यांना. हॉटेलवाला घेईल, छप्पर मस्त करील.' बरोबर आहे. आमच्या उजवीकडचं घर तसंच गेलं. आज तिथे पाहुण्यांसाठी सहा खोल्या आणि खाली कॉफीचं दुकान आहे, आणि मान्य करतो की आमच्या रांगेतलं सगळ्यात निरोगी छप्पर त्यांचं आहे. फोंताइन्हासमधली बरीच घरं आज उभी आहेत ती कोणीतरी ऐंशीच्या दशकानंतर त्यांत पाहुण्यांना उतरवण्याची कल्पना काढली म्हणून. जुन्या घराला कमाई हवी, नुसत्या हळव्या आठवणींवर तुळई टिकत नाही. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालची जुनी भाडी पाहिली तर मालकाने दुरुस्ती का केली नाही हे विचारायलाही संकोच वाटतो. एका महिन्याच्या भाड्यात चार कौलं येत नाहीत. भाडेकरू म्हणतो घर मालकाचं, मालक म्हणतो राहतो तो.

तरीही माझी तक्रार आहे, आणि ती कॉफीबद्दल नाही. आमच्या रांगेत नऊ घरं आहेत. संध्याकाळी सात वाजता मागच्या गल्लीतून गेलं तर तीन घरांतून फोडणीचा वास येतो. मी शाळेत होतो तेव्हा नवांतून यायचा, आणि शुक्रवारी-शनिवारी माशांचा वास कोणाच्या घरातला हे ओळखण्याची आम्हां पोरांची पैज असायची. पाहुणा दोन रात्री झोपतो. पन्हळीतून टपटप ऐकू आली तर त्याला वाटतं, वा, पाऊस! व्यवस्थापक रात्री दहाला घरी जातो, त्याचं घर पर्वरीला. रांगेला लागते ती रात्री दोन वाजता उठून 'हा आवाज रोजचा नाही' हे ओळखणारी माणसं. ती तीन घरांवर आली की मग सामाईक भिंतीला कोणी वाली राहत नाही. म्हणून रस्तानिहाय मर्यादा हवी. एका रांगेत निम्म्याहून अधिक घरांचा वापर निवासाव्यतिरिक्त होऊ नये, असं मी म्हणेन. निम्मं हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही, त्यावर चर्चा व्हावी, पण कुठलीतरी रेघ हवी. आणि जो मालक स्वतः राहतो किंवा राहणारा भाडेकरू ठेवतो, त्याची घरपट्टी माफ करा. आज उलट आहे. राहणाऱ्याला जतनाचे सगळे नियम लागू, आणि त्या बदल्यात मिळतं काय, तर दारातली गर्दी.

गर्दीबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी वाचलं आहे. 'फोटो काढू नका' अशा पाट्या रहिवाशांनी लावल्या, त्या पाट्यांचेच फोटो निघतात. लग्नाआधीच्या फोटोंसाठी पुण्या-मुंबईहून जोडपी येतात, सकाळी सातला, गजर वाजायच्या आधी. एकदा मी बनियनवर दूध घ्यायला दार उघडलं तर समोर छत्री, आरसा, आणि घागऱ्यातली नवरी. 'काका, दोन मिनिटं आत थांबता का?' मी थांबलो. नंतर स्वतःचाच राग आला.

त्यांचाही फारसा दोष नाही. आपणच त्यांना सांगितलं आहे की हा 'लॅटिन क्वार्टर' आहे. पॅरिसमधल्या एका वस्तीचं नाव आणून आमच्या मळ्याला चिकटवलं, आणि आता गुगलच्या नकाशावर मळा शोधायला लागतो. इंटरनेटवर तर बिनदिक्कत लिहिलेलं असतं की फोंताइन्हास हे युनेस्कोचं जागतिक वारसास्थळ आहे. नाही. १९८६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली ती जुन्या गोव्यातली चर्चेस आणि कॉन्व्हेंटं, इथून आठ-दहा किलोमीटरवर. त्या वास्तूंना पुरातत्त्व खातं आहे, पहारेकरी आहेत, दुरुस्तीचा पैसा आहे. आम्हाला गैरसमज आहे. या गैरसमजाचा एक व्यावहारिक तोटा असा की सगळ्यांना वाटतं, याची काळजी कोणीतरी मोठं घेतच असणार.

दुसरा आक्षेप घरच्या माणसांचा, म्हणजे मराठीवाल्यांचा. माझ्या वडिलांचे मित्र, वाचनालयात रोज भेटणारे, सरळ म्हणत: पोर्तुगीज गेले, त्यांची घरं पडली तर तू का रडतोस? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, इथे १८१२ पर्यंत होतं. त्याच्या वाड्यातला क्रूस आज फोंताइन्हासच्या सां सेबास्तियांव कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये आहे, आणि त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, इतरत्र मिटलेले असतात तसे नाहीत. मी त्या कपेलात जातो तेव्हा ते डोळे मलाही अस्वस्थ करतात. रस्त्यांची नावंही परकी वाटतात. ३१ जानेवारीचा रस्ता म्हणजे १८९१ मध्ये ओपोर्तोत झालेल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या उठावाची तारीख, तिचा मळ्याशी काय संबंध?

पण घरं कोणी बांधली ते पाहा. चिरा इथल्या खाणींतला, चुना इथल्या शिंपल्यांचा, कौल मंगळूरचं, सुतार आणि गवंडी आपले. मालक बहुतेक गोंयकार, ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही. वरच्या अंगाला मारुतीचं देऊळ आहे. थंडीच्या दिवसांत त्याची जत्रा भरते तेव्हा दुकानांच्या रांगा डोंगर उतरून आमच्या दारापर्यंत येतात, आणि खाजं विकणारी जी बाई जत्रेत बसते, तीच सां सेबास्तियांवच्या फेस्ताला कपेलासमोर बसते. दोन्हीकडे भाव तोच, दोन्हीकडे वजनात मारते. ही वस्ती पोर्तुगालमधून उचलून आणलेली नाही. लिस्बनमधल्या घराला तीन हजार मिलिमीटरचं छप्पर लागत नाही. वसाहतीच्या काळात राहून, तिच्या कायद्याखाली वाकून, आपल्या सामानाने आपल्या माणसांनी बांधलेलं हे शहर आहे, आणि ते 'त्यांचं' म्हणून सोडून दिलं तर आपण आपल्याच गवंड्यांची मजुरी बुडवतो.

गिरगावच्या मराठी वाचकांना हे नवं नाही. खोताची वाडी त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक घराने विरळ झाली आणि मधे मधे मनोरे उभे राहिले. पुण्यातले वाडेही तसेच गेले. तिथेही भाडेकरू, वारस आणि बिल्डर हे तिघेच होते. फोंताइन्हासमध्ये मनोऱ्याची भीती सध्या कमी आहे, नियम आहेत म्हणून. इथे घर वेगळ्या रीतीने जाईल. पुढची भिंत जागेवर राहील, ताज्या रंगात, आणि तिच्यामागे घर नसेल. अशी दोन मी आजच दाखवू शकतो. एकाच्या खिडकीतून आकाश दिसतं. फोटोवाल्यांची ती आवडती खिडकी आहे.

मालकीहक्काचा मुद्दा मात्र मला खरोखर अडवतो. माझ्या घराचं मी काय करायचं ते रांग कशी ठरवणार? उद्या माझ्या मुलीला, ती बंगळूरला असते, हे घर विकून तिकडे फ्लॅट घ्यायचा असेल आणि निवासाची अट घातल्याने भाव कमी आला, तर तिला मी काय सांगू? याचं गुळगुळीत उत्तर माझ्याकडे नाही. इतकंच म्हणतो की ती विकणार त्या घराच्या दोन भिंती तिच्या एकटीच्या नव्हत्याच कधी. भाव आला आहे तोही रांगेमुळे. हेच घर आहे तसं उचलून पर्वरीच्या उतारावर ठेवलं तर त्याला कोण विचारतो? ज्या रांगेने भाव दिला तिने थोडी अट घातली, तर तो अन्याय आहे असं मला वाटत नाही. मुलीला वाटतं. आमचं यावर फोनवर दोनदा वाजलं आहे.

यंदाच्या मेमध्ये, त्या बैठकीनंतर चार दिवसांनी, मी दोन माणसं घेऊन आंटीच्या छपरावर चढलो. परवानगी लेखी नव्हती. टोरांटोहून व्हॉट्सॲपवर अंगठा आला, वांद्र्याहून 'थँक यू अंकल', ताळगावचा स्वतः येऊन शिडी धरून उभा राहिला. लिस्बनहून अजून काही नाही. तुळई बदलणं आमच्या आवाक्यात नव्हतं. उरलेली कौलं उतरवून परसात रचली, दोन्ही घरांच्या मधली पन्हळ साफ केली, त्यातून नऊ वर्षांची माती, तीन क्रिकेटचे चेंडू आणि एक आख्खं उगवलेलं पिंपळाचं रोप निघालं, मूळ आमच्या भिंतीत वीतभर शिरलेलं. मग वर मोठी निळी ताडपत्री ताणून दगड ठेवले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला. डाग वाढला नाही. एके दिवशी उघडीप मिळाल्यावर मी दारात उभा होतो, तर समोर एक मुलगी मोबाइल वर धरून मागे मागे सरकत होती. शेवटी माझ्याजवळ आली आणि फार नम्रपणे म्हणाली, "काका, ते वरचं निळं प्लास्टिक जरा काढता येईल का? फ्रेममध्ये येतंय."

मी म्हटलं, ऑक्टोबरात ये.